शोकेसमधली ‘इंग्लिश’ बाहुली खरंच पोर्सेलिनची आहे का? जुन्या पुतळ्या ओळखतात कशा, विकतात कशा आणि त्यात फसतात कसे

दिवाळी झाली की सडक अर्जुनीच्या आसपासच्या गावांत मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री नाटक असतं आणि दिवसा दुकानांच्या रांगेत एखाद्या ताडपत्रीवर शोभेच्या बाहुल्या मांडलेल्या दिसतात. घेरदार झग्यातली मॅडम, टोपलीत फुलं घेतलेली पोरगी, कुत्र्याला कुरवाळणारा टोपीवाला. त्यातली एखादी घरी येते, शोकेसमध्ये ट्रॉफी आणि प्लास्टिकच्या फुलांच्या मधे बसते आणि विसरली जाते. वीस-पंचवीस वर्षांनी घरातलं कुणीतरी तिचा फोटो काढून फेसबुकवर टाकतं, “इंग्रजांच्या काळातली पोर्सेलिनची बाहुली आहे, किती मिळतील?” खाली लगेच कमेंट. “लाखात जाईल.” “विकू नका भाऊ.” “इनबॉक्समध्ये या.”

आता खरं सांगायचं तर अशा दहातल्या नऊ बाहुल्या इंग्लिश नसतात, पोर्सेलिनच्या नसतात आणि अँटिकही नसतात. हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. पण उलटही होतं. मुंबई-पुण्याकडच्या जुन्या वाड्यातून, पारशी घरातून किंवा रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यातून आलेली खरी जुनी पुतळी भंगारवाल्याकडे किलोच्या भावात जाऊ शकते, कारण तिचा फुटलेला हात पाहून घरच्यांनी तिला कचरा ठरवलेलं असतं. म्हणून ओळख पटवायला शिकलेलं बरं.

सगळा घोळ ‘चिनीमाती’ या शब्दाचा

मराठीत लोणच्याची बरणी चिनीमातीची, चहाचा कप चिनीमातीचा, बाथरूममधलं बेसिन चिनीमातीचं आणि शोकेसमधली बाहुलीही चिनीमातीची. एकाच शब्दात आपण चार वेगळे पदार्थ गुंडाळतो. संग्राहकाच्या जगात मात्र त्यांच्यातल्या फरकावरच किंमत ठरते.

पोळ्याला कुंभाराकडून आणलेला मातीचा बैल आठवा. कमी तापमानाला भाजलेली माती सच्छिद्र राहते, पाणी पिते. तिच्यावर काचेसारखा लेप, म्हणजे ग्लेझ चढवला की ती चकाकते, पण आतून मातीच असते. याला अर्दनवेअर म्हणतात. आपली बरणी त्याहून जास्त तापमानाला भाजलेली, घट्ट आणि जड. ती स्टोनवेअर. पोर्सेलिनमध्ये केओलिन नावाची पांढरी माती आणि फेल्डस्पारयुक्त दगडाची पूड साधारण १३०० अंश सेल्सिअसच्या वर भाजतात. मग ती आतपर्यंत काचेसारखी होते. पातळ असेल तर तिच्यातून उजेड झिरपतो.

चौथा प्रकार बोन चायना, आणि हा खास इंग्लंडचा. यात साधारण निम्मी राख असते, जनावरांच्या हाडांची. जोसाया स्पोड आणि त्याच्या मुलाने अठराव्या शतकाच्या शेवटी या मिश्रणाचं प्रमाण पक्कं केलं. आपल्याकडे काही शाकाहारी घरांत बोन चायनाचा कप चालत नाही तो याच कारणाने. मंडईतली बाहुली मात्र या चौघांपैकी काहीच नसते. ती बहुतेक प्लास्टर ऑफ पॅरिसची किंवा रेझिनची असते.

इंग्लंडमध्ये हे सुरू कसं झालं?

चीनने शेकडो वर्षं पोर्सेलिनचं तंत्र स्वतःकडे ठेवलं होतं. युरोपात ते पहिल्यांदा जमलं जर्मनीतल्या सॅक्सनीमध्ये. तिथल्या राजाने योहान बॉटगर नावाच्या किमयागाराला सोनं बनवण्यासाठी डांबून ठेवलं होतं. सोनं झालं नाही, पोर्सेलिन झालं. १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला आणि १७३० च्या दशकात तिथल्या केंडलर या शिल्पकाराने छोट्या पुतळ्यांची फॅशनच सुरू केली.

या पुतळ्या सुरुवातीला शोकेससाठी नव्हत्याच. मेजवानीत गोड पदार्थांच्या वेळी टेबलावर मांडण्यासाठी होत्या. त्याआधी श्रीमंतांच्या टेबलावर साखरेच्या पुतळ्या मांडायची पद्धत होती. आपल्या लग्नातलं रुखवत डोळ्यासमोर आणा, साधारण तोच प्रकार. साखरेची पुतळी विरघळते, मुंग्या लागतात. पोर्सेलिनची पुढच्या मेजवानीलाही चालते.

इंग्लंड या शर्यतीत उशिरा आलं. लंडनजवळ चेल्सीला निकोलस स्प्रिमाँट या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने १७४५ च्या सुमारास कारखाना काढला. लंडनच्याच पूर्वेला बो इथे थॉमस फ्राय आणि एडवर्ड हेलिन यांनी १७४४ मध्ये पेटंट घेतलं. त्या कारखान्याचं नाव त्यांनी ठेवलं ‘न्यू कँटन’, म्हणजे स्पर्धा कुणाशी आहे ते पाटीवरच लिहिलं. मग डर्बी, लाँगटन हॉल, वूस्टर असे कारखाने आले. १७७० मध्ये डर्बीच्या विल्यम ड्यूसबरीने चेल्सी विकत घेतलं. एकूण काय, ज्याला जाणकार ‘जुनं इंग्लिश पोर्सेलिन’ म्हणतात त्यातल्या सर्वात मौल्यवान पुतळ्या जेमतेम चाळीस-पन्नास वर्षांतल्या आहेत.

गंमत म्हणजे यातलं बरंचसं काम चीनच्या दर्जाचं नव्हतंच. चेल्सीवाले मिश्रणात काचेची पूड घालायचे, बोवाले हाडांची राख. त्याला सॉफ्ट पेस्ट म्हणतात. भट्टीत माल वाकायचा, तडकायचा. आज तो थोडा मऊ, दुधाळ, किंचित ओबडधोबड भासतो आणि संग्राहक त्यावरच जीव टाकतात. एखादी पुतळी फारच गुळगुळीत आणि निर्दोष असेल तर जाणकार आधी संशय घेतो.

पुतळी उलटी करा

चेहरा नंतर बघा. आधी तळ.

चेल्सीच्या मालाची खूण म्हणजे नांगर. जहाजाचा असतो तो. सुरुवातीला कोरलेला त्रिकोण, मग १७४९ च्या सुमारास उठावाचा नांगर, १७५२ च्या आसपास लाल नांगर आणि १७५६ पासून सोनेरी. आता महत्त्वाची गोष्ट. खरा नांगर अगदी बारीक असतो, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास आणि तोही कुठेतरी कोपऱ्यात लपवलेला. तळाच्या मधोमध ठसठशीत मोठा सोनेरी नांगर दिसला तर ती नक्कल असण्याची शक्यता जास्त. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅमसन कंपनीने चेल्सी, डर्बी, माइसेन सगळ्यांच्या नकला केल्या आणि खुणाही मारल्या. पण सॅमसनने वापरली कडक, खरी पोर्सेलिनची माती. म्हणजे ओरिजिनल मऊ आणि डुप्लिकेट जास्त पक्की! आज सॅमसनच्या नकलाही शंभरी ओलांडलेल्या आहेत आणि त्यांचेही वेगळे संग्राहक आहेत.

डर्बीच्या जुन्या पुतळ्यांवर बऱ्याचदा खूणच नसते. त्या ओळखतात डागांवरून. भट्टीत पुतळी चिकटू नये म्हणून तिच्याखाली मातीच्या छोट्या गोळ्या ठेवत, त्यांचे तीन-चार गडद गोल डाग तळावर राहिले.

नंतरच्या काळासाठी नियम सोपे आहेत. तळावर इंग्रजीत ‘इंग्लंड’ लिहिलेलं असेल तर पुतळी बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेच्या आयात कायद्याने मालावर देशाचं नाव छापणं बंधनकारक केलं. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर विसाव्या शतकातली. म्हणजे “१८५० ची आहे, खाली मेड इन इंग्लंड लिहिलंय बघा” असं कुणी म्हणालं तर तिथेच हात जोडावेत. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण आणि तिच्या कोपऱ्यांत अक्षरं-आकडे असतील तर ती ब्रिटनच्या डिझाइन नोंदणीची, १८४२ ते १८८३ मधली. पण ती नोंदणीची तारीख, पुतळी बनल्याची नव्हे.

आपल्याकडे सापडण्याची जास्त शक्यता असलेलं नाव आहे रॉयल डोल्टन. त्यांच्या घेरदार झग्यातल्या बायकांच्या पुतळ्या जगभर गेल्या. १९१३ पासून त्यांनी प्रत्येक पुतळीला ‘एचएन’ क्रमांक दिला. ही आद्याक्षरं त्यांच्या रंगकाम विभागाचे प्रमुख हॅरी निक्सन यांची. यातल्या अनेक गाजलेल्या पुतळ्या लेस्ली हॅराडीनने घडवल्या. हा गडी कारखान्यात जायचाच नाही, घरून काम करून नमुने पाठवायचा. त्या काळातला वर्क फ्रॉम होम. डोल्टनच्या सिंह-मुकुटाच्या शिक्क्याशेजारी कधी कधी एक छोटा आकडा असतो. त्यात १९२७ मिळवा. आकडा १३ असेल तर पुतळी १९४० ची. इतकं सोपं.

खूण नसेल तर? मोबाइलचा टॉर्च लावा आणि हाताची बोटं, फुलांच्या पाकळ्या असे पातळ भाग बघा. पोर्सेलिन असेल तर त्यांच्या कडेतून उजेड झिरपलेला दिसेल. जाड भागातून दिसणार नाही, त्यामुळे तिथे उजेड नाही म्हणून निकाल देऊ नका. कुठे टवका उडालेला असेल तर त्यावर पाण्याचा थेंब टाका. अर्दनवेअर असेल तर पाणी शोषलं जाईल, पोर्सेलिनवर थेंब तसाच राहील. गालाला लावून बघा, पोर्सेलिन थंडगार लागतं, रेझिन नाही. आणि एक जुगाड. किराणा दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, अंधारात त्याच्याखाली पुतळी धरा. तुटलेला हात नंतर चिकटवून रंगवला असेल तर ती जागा बऱ्याचदा वेगळी चमकते.

तळाची झीजही वाचता येते. शंभर वर्षं कपाटात सरकलेल्या पुतळीच्या तळावर फक्त टेकणाऱ्या कडांना वेडेवाकडे ओरखडे असतात. सगळा तळ सारखाच घासलेला आणि तडांमध्ये चहाच्या रंगाचा मळ भरलेला दिसला तर ते वय कुणीतरी एका दुपारी तयार केलेलं असू शकतं.

हॅवलॉकची पुतळी आणि वाघाच्या तोंडातला साहेब

महागड्या चेल्सीच्या पुतळ्यांशी आपलं फार नातं नाही. पण इंग्लंडच्या गरीब घरांत ज्या पुतळ्या होत्या, त्यांत भारत भेटतो.

स्टॅफर्डशायर भागातल्या छोट्या कारखान्यांनी राणी व्हिक्टोरियाच्या काळात स्वस्त पुतळ्यांचा धडाका लावला. या पोर्सेलिनच्या नसून बहुतेक अर्दनवेअरच्या. शेकोटीच्या वरच्या फळीवर भिंतीला टेकवून ठेवायच्या म्हणून मागची बाजू सपाट आणि बिनरंगाची. तेव्हा घराघरांत फोटो नव्हते, त्यामुळे बातमीतला माणूस घरात यायचा तो अशा पुतळीतून. राणी, पाद्री, कुस्तीगीर, खुनी सुद्धा.

१८५७ च्या उठावानंतर याच कारखान्यांनी जनरल हेन्री हॅवलॉक आणि कॉलिन कँपबेल यांच्या पुतळ्या काढल्या. हॅवलॉक म्हणजे ज्याने १८५७ च्या जुलैमध्ये फतेहपूर आणि कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला तो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लखनौला आजाराने मेला आणि तिकडे हीरो झाला. म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकात जी लढाई एका बाजूने आहे, तीच दुसऱ्या बाजूने एखाद्या इंग्लिश खाणकामगाराच्या घरात रंगीत पुतळी बनून उभी होती. या पुतळ्या बघताना मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. लढाईची बातमी बाजारात कशी विकली गेली याचा पुरावा हातात धरता येतो.

दुसरी याहून जुनी आणि दुर्मिळ, साधारण १८२० ते १८३० मधली. एक मोठा वाघ आणि त्याच्या जबड्यात एक साहेब. खाली लिहिलेलं, ‘डेथ ऑफ मन्रो’, तेही चुकीच्या स्पेलिंगने. १७६४ ची बक्सरची लढाई जिंकणाऱ्या हेक्टर मन्रोच्या मुलाला १७९२ च्या डिसेंबरमध्ये बंगालच्या सागर बेटावर वाघाने मारलं. ती बातमी इंग्लंडभर गाजली. टिपू सुलतानच्या त्या प्रसिद्ध लाकडी यांत्रिक वाघामागेही हीच घटना असावी असं अनेक अभ्यासक मानतात. नवेगाव-नागझिऱ्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला वाघाची बातमी नवी नाही, पण तिची पुतळी बनवून विकायची कल्पना मात्र इंग्रजांचीच.

मग महाराष्ट्रात काय मिळतं?

खरा माल बघायचा असेल तर मुंबई. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस थेट सीएसएमटीला जाते आणि तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जवळच आहे. १९२२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयाला सर रतन टाटा यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर मिळाला. (२०२४ मध्ये गेले ते रतन टाटा नव्हेत. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १८७१ ते १९१८.) लंडनजवळच्या ट्विकनहॅमला त्यांचं यॉर्क हाउस नावाचं घर होतं आणि चित्रं, जेड, चिनी-जपानी वस्तू जमवायचा त्यांना नाद होता. पुढे १९३३ मध्ये थोरले बंधू सर दोराबजींचा संग्रहही तिथेच आला. युरोपीय काच आणि पोर्सेलिन इथे जवळून बघता येतं.

दुसरं ठिकाण हैदराबादचं सालारजंग संग्रहालय. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ते अगदी परकं नाही. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू १९५१ मध्ये लोकांसाठी खुल्या झाल्या. युरोपीय पोर्सेलिनची तिथली दालनं बघायला दोन तास हाताशी ठेवा.

विकत घ्यायचं असेल तर सगळे सांगतात चोर बाजार. मुंबईत भेंडी बाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. शुक्रवारी ती बंद असतात, तेव्हा त्या दिवशी जाऊन परत येऊ नका. तिथे पुतळ्या भरपूर दिसतात. पण इंग्लिश कमी, जर्मन आणि जपानी जास्त. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या जपानने युरोपीय पुतळ्यांच्या हजारो स्वस्त आवृत्त्या काढल्या. तळावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल तर ती १९५२ च्या आधीची.

आणि एक प्रकार तर पूर्णपणे आपला. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि देवादिकांची चित्रं घराघरांत पोहोचली. त्याच धाटणीच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या पोर्सेलिनच्या मूर्ती जर्मन कारखान्यांनी बनवून भारतात पाठवल्या. काहींना नंतर इथे खऱ्या कापडाची जरीची वस्त्रं शिवली गेली. महाराष्ट्रातल्या जुन्या घरात चेल्सीची मेंढपाळीण सापडण्यापेक्षा अशी जर्मन लक्ष्मी सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. देव्हाऱ्यात असेल तर जरा निरखून बघा. भारतीय खरेदीदार तिच्यासाठी जास्त उत्सुक असतो.

किती मिळतील? आणि विकता येतं का?

आधी वाईट बातमी. ब्रिटनमध्येच या पुतळ्यांचे भाव गेल्या दोन दशकांत घसरलेत. आजी-आजोबांनी जमवलेले संग्रह एकदम बाजारात आले आणि नव्या पिढीच्या छोट्या फ्लॅटमध्ये शोकेसच नाही. विसाव्या शतकातल्या नेहमीच्या डोल्टन बाहुल्या तिकडे अनेकदा २० ते ५० पौंडांत मिळतात. बर्स्लेममधला त्यांचा जुना कारखानाही २००५ मध्ये बंद झाला. भाव टिकून आहे तो अठराव्या शतकातल्या, न तुटलेल्या, दुर्मिळ नमुन्यांना. तुटलेलं बोट, चिकटवलेली मान याने किंमत निम्म्याहूनही खाली येऊ शकते.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ही बहुतेकांना माहीत नसते. पुरावस्तू आणि कलावस्तू कायदा, १९७२ नुसार किमान शंभर वर्षं जुनी कलावस्तू ‘पुरावस्तू’ ठरते. या व्याख्येत ती भारतातच बनलेली असावी अशी अट नाही. आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेला आहे. म्हणजे तुमच्याकडे १८८० ची खरी स्टॅफर्डशायर पुतळी असली आणि लंडनचा ग्राहक तयार असला, तरी ती कुरिअर करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. देशात असा व्यवसाय करायलाही परवाना लागतो. पुतळी शंभरीच्या आतली असेल आणि बाहेर पाठवायची असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. मोठा बाजार तिकडे, वस्तू इकडे आणि मधे कायदा. “परदेशी गिऱ्हाईक आहे, दहा लाख देतो” म्हणणाऱ्याला म्हणूनच पहिला प्रश्न विचारा, नेणार कसा?

जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने हेच चालतं. ट्रॅक्टरच्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो मिळतील असं सांगून आधी ‘नोंदणी फी’, मग ‘जीएसटी’, मग ‘कमिशन’ मागायचं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये अशा जाहिरातींपासून सावध राहायला सांगितलं होतं. पुतळीच्या बाबतीतही खूणगाठ एकच. विकणाऱ्याकडूनच आगाऊ पैसे मागितले की संभाषण तिथे थांबवायचं. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात.

विकत घेणाऱ्यांसाठी एवढंच की परदेशातून मागवताना कस्टम ड्यूटी लागते आणि अनेक कुरिअर कंपन्या काच-चिनीमातीच्या फुटीची भरपाई देत नाहीत. पार्सल मागवण्याआधी हे लेखी विचारून घ्या.

आणि घरात आधीच एखादी चांगली पुतळी असेल तर तिला पाण्यात बुडवून ठेवू नका, जुना गोंद सुटतो आणि सोनेरी काम जातं. मऊ ब्रशने धूळ झटका. उचलताना डोकं किंवा हात धरून नाही, खालून आणि कमरेला. घर हायवेला लागून असेल तर आणखी एक काम करा. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून रात्रभर ट्रक जातात, त्या हादऱ्यांनी काचेच्या फळीवरची वस्तू रोज केसभर पुढे सरकू शकते. फळीवर पातळ फेल्ट किंवा जाड सुती कापड अंथरा आणि पुतळी कडेपासून चार बोटं आत ठेवा.